शिवायची राहिलेली वही

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा पुस्तकांच्या बाइंडिंगचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही भरीस घातलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. लिहायला बसण्याची ही सहावी खेप.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. खिडकीजवळची खोली तिने भाड्याने देऊ नये. तिथे बसून मी शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणत असे आणि काम तसंच पडून राही.

२. दुकानातलं कटिंगचं मशीन, दाभणं, पुठ्ठे हा धंदा ज्याला करायचा असेल त्याला. मोठी कात्री शेजारच्या शिंप्याने नऊ वर्षांपूर्वी "दोन मिनिटांसाठी" नेली, ती तेव्हाच त्याची झाली, या कागदात धरू नये. तो साक्षीदार आहे, वाचेलच.

३. धाकट्या बहिणीची वही. शाळेत पाठ केलेल्या कविता तिने आठवून आठवून लिहिल्या आणि अकरा वर्षांपूर्वी ती सुटी पानं माझ्याकडे आणली.

"दादा, एवढी शिवून दे रे."

म्हटलं, "उद्या."

पुढे म्हणाली, "तुझा उद्या म्हातारा झाला, दादा." मग विचारायचीच थांबली. आता तिला भिंग लावूनही जेमतेम दिसतं.

लोक मला आळशी समजतात. पण कचेऱ्यांची रजिस्टरं मी एक दिवसही उशिरा दिली नाहीत. ज्यात जीव नव्हता ते सगळं वेळेवर झालं. विशीत असताना आमच्या मास्तरांची कवितांची वही बांधली, तेव्हा कडा सारख्या करताना मशीनखाली प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गेलं. मास्तर "छान झाली हो" म्हणाले आणि वही पिशवीत घातली. ते "छान" अजून अंगावर येतं. तेव्हापासून जिवाभावाचं काम आलं की हात मागे जातो. हात लावला नाही तोवर बिघडत नाही, एवढंच माझं शहाणपण. लाज वाटते.

तरी माझ्या पश्चात ती वही, आहे तशी, बहिणीला द्यावी.

(कलम तीन मी स्वतः खोडलं आहे. लिहून वाचलं तेव्हा कळलं, हेही उद्यावरच टाकणं, तेही मी मरेपर्यंत. शिंप्याला सोबत घेऊन आत्ताच तिच्याकडे निघतो. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. आता या कागदातून तिला काही मिळायचं नाही, तेव्हा दुसरी सही तिची.)

ठिकाण: बहिणीचं स्वयंपाकघर. बुधवार, तीन सप्टेंबर, सकाळी.

सही: दादा, बाइंडर

साक्षीदार:

१. शेजारचा शिंपी

२. धाकटी बहीण (ती बोलली तसं शिंप्याने लिहिलं, सही तिची): वही मिळाली. सुई-दोरा मी काढून ठेवलाय. कडा कापायच्या नाहीत, नुसती शिवायची. शिवल्याशिवाय दादाला उठू देणार नाही.