आईंच्या भिंतीतून जाणारी लाईन

३ फेब्रुवारी

ती. आईंना नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही दोघी बऱ्या आहोत. भुंगी आता तिसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेत, तरी दिवसभर गुणगुणणं काही थांबलेलं नाही. ते नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा तक्रारही तुमच्याकडेच.

पत्र बघून दचकला असाल. फोन करून उपयोग नाही. घरातला एकुलता एक फोन तुमच्या चिरंजीवांच्या खिशात असतो आणि माझं नाव दिसलं की कट होतो. म्हणून हे मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या हाती देतेय. शिवलेले कपडे द्यायला त्या तुमच्याकडे येतातच.

कामाचं बोलते. नगरपालिका घरोघर स्वतःचं इंटरनेट देणार आहे, हे कानावर आलं असेल. केसासारखी बारीक काचेची तार असते, तिच्यातून उजेड जातो आणि त्या उजेडावर सगळा कारभार. या वॉर्डातल्या तारा जोडायचं काम माझ्याकडे आहे. हो, ज्या ट्रेनिंगवरून तुमच्या घरात महाभारत घडलं, तेच काम.

अडचण अशी की मागच्या गल्लीत लाईन न्यायला तुमच्या घराची भिंत सोडून दुसरी वाट नाही. पलीकडे कारखान्याचं कुंपण आहे आणि तो मालक कुणाला हात लावू देत नाही. तुमच्या भिंतीवर एक छोटा डबा बसला की मागची सगळी घरं जोडली जातील. शिंपीणबाईंची मुलगी कॉलेजचे तास गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून ऐकते, कारण रेंज तिथेच येते. ऊन असो, वारा असो, पोरगी टाकीपाशी.

बाबांनी घर तुमच्या नावावर केलं होतं. त्यामुळे होकार तुमचा लागतो, चिरंजीवांचा नाही. सोमवारी सकाळी आमची गाडी येईल.

जुनं काही उकरून काढायला हे पत्र लिहिलेलं नाही. एवढंच.

नगरपालिकेची तारा जोडणारी


१० फेब्रुवारी

आईंना नमस्कार.

काल तुम्ही खिडकीत होतात. पडदा हलला तो मी पाहिला. तुम्हाला वाटलं असेल, रस्त्यातल्या खांबाला लावलेल्या शिडीवरून माझं लक्ष नाही. शिडीवरून सगळं दिसतं.

चिरंजीव फाटक अडवून उभे राहिले, ते तुम्ही ऐकलंच असेल. आमच्या मुकादमांना म्हणाले, "या बाईला सोडून दुसरं कुणीही पाठवा, मग बघू."

मुकादम बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "साहेब, या वॉर्डात जोडणी याच बाई करतात."

"मग नको आम्हाला तुमचं इंटरनेट. ही सूड उगवायला आलीय."

सूडच उगवायचा असता तर मी परवानगी कशाला मागत बसले असते? परतताना गाडीत मुकादम म्हणाले, दुसरा वॉर्ड देतो, कशाला डोक्याला ताप करून घेता. मी नाही म्हणाले. शिडी चढायला मी तुमच्या चिरंजीवांची परवानगी घेतली नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून उतरणारही नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. तो पडदा हलला नसता तर लिहिलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मला ट्रेनिंगहून यायला उशीर झाला म्हणून चिरंजीवांनी माझी बॅग पायऱ्यांवर फेकली. त्यांचं मला आता काही वाटत नाही. कोर्टात त्यावर बोलून बोलून त्या विषयाचा पार चोथा झाला. पण बॅग त्यांनी फेकली, दार तुम्ही लावलंत. भुंगी माझा हात धरून उभी होती. तिने तुमच्याकडे बघून "आजी" म्हटलं आणि तुम्ही कडी घातलीत. ती कडी सहज लागत नाही, आई. वर उचलून मग ढकलावी लागते. इतकी वर्षं मीच लावत होते, मला माहीत आहे. तुम्ही ती उचललीत आणि ढकललीत.

माझ्यासाठी भिंत देऊ नका. मला काही नको. मागच्या गल्लीसाठी द्या, आणि नात डोळ्यांना दिसावी असं वाटत असेल तर त्यासाठी द्या. लाईन तुमच्या नावाने येईल. माझा जुना मोबाईल मी शिंपीणबाईंकडे ठेवलाय. नातीशी बोलायला मग कुणाच्या खिशाकडे बघत बसायला नको.

गुरुवारी पुन्हा येतेय. आमच्या कामाची एक रीत आहे. भोक कुठे पाडायचं ते घरमालकाने स्वतःच्या हाताने खडूने दाखवायचं, म्हणजे मागून कुरकुर नको. खडू माझ्याकडे असेल. दाराचं तुम्ही बघा.

पूर्वीची तुमची सून


१३ फेब्रुवारी

आईंना नमस्कार.

काल तुमच्या घरात मी चकार शब्द काढला नाही. मुकादमांना वाटलं, कामात गुंग आहे. म्हणून आज लिहितेय.

तुम्ही गुडघ्यावर हात ठेवत ठेवत फाटकापर्यंत आलात. चिरंजीव म्हणाले, "आई, तू आत जा." तुम्ही म्हणालात, "तू जरा बाजूला हो. बाईंना शिडी आत घ्यायचीय." मला बाई म्हणालात. राग आला मला, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, "हे घर माझंही आहे." तुम्ही म्हणालात, "आहे ना. म्हणून तर दोन वेळा जेवायला वाढते. भिंत माझी आहे." मुकादमांना तेव्हा खोकला आला, तो खोकला नव्हता.

मला वाटलं, पुढच्या खोलीत खूण कराल. तुम्ही मला थेट तुमच्या मागच्या खोलीत नेलंत. अख्ख्या घराला नवा रंग, आणि पलंगामागचा तेवढा तुकडा जुनाच. त्यावर भुंगीने रंगीत खडूंनी काढलेल्या तुम्ही, तोंडभर हसणाऱ्या, पाय थेट मानेतून निघालेले. "रंगाऱ्याला नको म्हटलं," एवढंच बोललात. चित्राच्या वर, हात पुरला तिथे खूण केलीत. "चित्र सांभाळून," म्हणालात. ड्रिल चालवताना मला धड दिसत नव्हतं. धुळीसाठी चष्मा घालतो आम्ही, त्यावर ढकललं.

पण त्या तुकड्याने माझा राग गेला असं समजू नका. भिंत जपलीत तुम्ही. पोरगी दाराबाहेर होती.

बाकी काम चोख झालंय. शिंपीणबाईंची मुलगी काल टाकीपासून उठून घरात आली आणि पंख्याखाली बसून तिने तास ऐकला. डब्यापाशी तारेचं जास्तीचं वेटोळं दिसेल, ते गबाळं म्हणून कुणाला कापू देऊ नका. मुद्दाम ठेवलंय. पुढेमागे तुटलीच तर जोडायला तार शिल्लक लागते.

रविवारी सकाळी भुंगी तुम्हाला फोन करेल. मोबाईल कसा धरायचा ते शिंपीणबाईंची मुलगी दाखवेल. भुंगी आधी पडलेले दात दाखवेल, मग शाळेतलं काहीतरी म्हणून दाखवेल. त्यानंतर ती विचारेल, "आजी, तू दार का लावलंस?" तीन वर्षं मला विचारतेय. मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ ते नाही. तुमच्यातर्फे गोड काहीतरी बनवून सांगणं मला जमलं असतं. मी सांगितलं नाही. घाबरला होतात तर घाबरले होते म्हणा. मी नकोशी झाले होते तर तेही सांगा, ती ऐकून घेईल. पण उत्तर तुमच्या तोंडून हवंय, माझ्या नाही.

आणि फोन उचलला नाहीत, तर लाईन खराब असेल गं, असं मी तिला सांगणार नाही. ती लाईन मी जोडलीय. ती खराब नाही.

तुम्हाला अजून आई म्हणणारी