भाकरी थापणारा उजवा हात

आदरणीय इंद्रायणीआक्कांना,

भवानी पेठेतल्या मेहुण्याचा एका हाताने नमस्कार. (दुसरा अजून माझं ऐकत नाही.) मंद्रूपला सगळे खुशाल असतील. तुमचे गुडघेही बरे असावेत, निदान एसटीत चढण्याइतके. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नका.

अर्धांगाच्या झटक्याला तीन महिने झाले. हाताला पुन्हा रोजच्या कामांची सवय लावतात त्या केंद्रात मी जातो. तिथल्या ऋतुजा मॅडम मापं घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि कोणाचा हात कधी काय करील ते आधीच सांगतात. आणि तसंच होतं, आक्का! पेला बारा तारखेला उचलाल म्हणाल्या. मी हट्टाने अकरालाच बसलो, दिवसभर बोट हललं नाही. बाराला पेला तोंडाशी. (पाणी शर्टावर सांडलं, ते मात्र सांगितलं नव्हतं.) अंगावर काटाच आला. आता शर्टाची गुंडी एकतीसला लागणार आहे.

पण परवा भलतंच झालं. बोटांत जोर यावा म्हणून ज्वारीचं पीठ मळायला दिलं होतं. मळता मळता हात थांबला, त्याने गोळा तोडला आणि परातीत भाकरी थापायला लागला. मी जन्मात भाकरी थापलेली नाही, तुमच्या बहिणीच्या, गोदावरीच्या भाकरीला चाळीस वर्षं नावं तेवढी ठेवली. (तिला जाऊन दोन वर्षं होतील.) तीन थापा, मग करंगळीने कड दाबायची, पुन्हा तीन थापा. मी परक्यासारखा बघत बसलो. झाडलोट करणाऱ्या निंगव्वा झाडू टाकून म्हणाल्या, "आगं बया, ह्ये तर बाईमाणसाचं थापणं हाय की!" त्याच हाताला नंतर कंगवा धरवेना.

मॅडम म्हणाल्या, मेंदू नवी वाट शोधताना असा भरकटतो. गुंडी लागली की हात पुरता तुमचा होईल आणि हे आपोआप थांबेल. मी आभार मानून घरी आलो आणि खूप रडलो.

ता. क. गोदावरीची ती करंगळीची रीत तुमच्या आईची ना? एकतीसच्या आत या. एक भाकरी खाऊन सांगा, ती कोणाच्या हातची आहे.

आणखी ता. क. मला बरं व्हायचंय, पण एवढ्यात नको. गुंडीचा सराव मी परवापासून चुकवतोय, मॅडमना कळवू नका. तरी आज सकाळी गुंडी काजात अर्धी गेलीच. डाव्या हाताने मी ती बाहेर ओढली. लवकर या.

तुमचा,
मुकुंद