रिकाम्या पिनांचं तापमान

४ मे
कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आला. खोकं एवढं मोठं की कुरिअरवाल्याने विचारलं, मिक्सर आहे का. पुण्याहून केदारचा मेसेज लगेच हजर: "रेणू, आठवडाभर ठेव, नीट पिळून काढ, मग मोकळं लिही." रिव्ह्यूची साइट त्याची, तपासणारे हात माझे. नागपूरच्या हुडकेश्वरात याच्याएवढा महागडा बोर्ड आजवर कोणी उघडला नसेल.

बाबाही आजच दवाखान्यातून घरी आले. न्यूमोनिया. डॉक्टरांनी बजावलं, ताप परत चढला तर वेळ घालवू नका, लगेच आणा. आणि बाबांचं गाडीत एकच चालू होतं, "मले तिथं परत नेऊ नको वं." दोघांचं कसं ऐकायचं?

खाट पुढच्या खोलीत टाकली. कूलर तिथेच, माझं कामाचं टेबलही तिथेच. आईने बाबांना दारात ओवाळलं. मी खोकं सोडून बोर्ड टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले. आज एवढंच.

५ मे
जोडणी. कॅबिनेट नाही, उघड्यावरच. प्रोसेसर, रॅम, पंखे, सगळं पहिल्या झटक्यात चालू. रॅम पूर्ण वेगाने धावते, एकदाही अडखळली नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग कमाल लोडवरही थंड. दिखाऊपणा फार: काचेचं झाकण, त्याखाली सात रंगांचे दिवे. बाबा म्हणाले, "गणपतीचं डेकोरेशन हाय का हे?" त्यांना हसताना पाहून बरं वाटलं.

एक खोट सापडली. बाहेरचा तापमान सेन्सर लावायला कोपऱ्यात दोन पिना असतात. मी तिथे काहीच लावलेलं नाही. दुसऱ्या बोर्डांवर अशा वेळी स्क्रीनवर तो रकाना रिकामा राहतो. इथे ३७.१ दिसतंय. एक गुण कापला.

६ मे
दुपारी पिनांवरचा आकडा ३८.५. तासाभराने पुन्हा पाहिला, तेवढाच. बाबांना कणकण. आईने थर्मामीटर लावला, १०१.३. गोळी दिली. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्यापर्यंत बघा.

भांडी घासताना डोक्यात हिशोब आपोआप झाला. १०१.३ फॅरेनहाइट म्हणजे ३८.५ सेल्सियस. हात धुऊन पुन्हा करून पाहिला. तोच.

योगायोग. लिहून ठेवते आणि सोडून देते.

७ मे
सोडून दिलं नाही.

सकाळी बाबांना आईच्या खोलीत हलवलं आणि कूलर बंद केला. बाहेर आग ओतून राहिलीय, खोली अर्ध्या तासात भट्टी. बोर्डावरचे बाकी सगळे आकडे चढले. तो एक चढला नाही. ३७.४. केस वाळवायच्या मशीनने पिनांवर गरम हवा मारली. ३७.४. मग आत जाऊन बाबांना थर्मामीटर लावला. ९९.३. म्हणजे तेवढंच.

केदारला फोन केला. त्याला बाबांचं काही सांगितलं नाही, फक्त पिनांचं. "अगं, मोकळ्या पिना काहीही दाखवतात. दुर्लक्ष कर." करते म्हटलं.

खोटं कशाला लिहू, भीती वाटली. अंगावर काटा वगैरे नाही. पण स्क्रीन बंद करूनच झोपले.

८ मे
उलगडा झाला. टॉर्च मारून पाहिलं तर दोन पिनांच्या मध्ये लाल ठिपका. कुंकू. ओलं बोट लावून दाबलेलं, आता वाळलंय. दोन पिना त्याने जोडल्या गेल्या म्हणून आकडा येतोय. एवढं हसले की आई आतून धावत आली.

"आई, मी खोक्याला लाव म्हटलं होतं."

"खोक्याले काहून? काम खोकं करते का?"

मग म्हणाली, त्या दिवशी तुया बाबाले ओवाळलं, लावलं, आंगठ्यावर उरलं होतं तं तेच तुया या मशीनले लावलं. आमच्या घरची ही जुनीच रीत. उमरेडला माग होते तेव्हा दसऱ्याला आजी आधी विणणाऱ्याच्या कपाळाला लावायची, मग त्याच बोटाने मागाला. हातात काही राहू द्यायचं नाही. माग गेले, रीत राहिली. आई माझ्या प्रत्येक मशीनला कुंकू चिकटवते.

स्पिरिट आणि कापूस घेतला. "पुसते गं ते कुंकू" म्हटलं आणि माझीच जीभ चावली. आई नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी बाटलीचं झाकण लावलं.

आकडा का येतो ते कुंकवाने कळलं. बाबांचाच का येतो ते नाही कळलं.

९ मे
आता दर वेळी थर्मामीटर लावत नाही. मान वळवली की स्क्रीनवर बाबा दिसतात.

सकाळी ते निवांत चहा पीत होते आणि पिनांवर ३८.८. लगेच थर्मामीटर लावला. ९८.६, ताप नाही. दुपारी जेवणाआधी हुडहुडी भरली, ताप १०१.८. म्हणजे बोर्डाला आधी कळतं.

मी सकाळीच डॉक्टरांना फोन केला होता. "आत्ता ताप किती?" नाही म्हटलं. "मग फोन कशाला केला?" तरी हट्टाने औषध बदलून घेतलं. संध्याकाळी ताप उतरला. आयुष्यभर आकडे तपासून शेरे मारले, आज आकड्याच्या पाया पडावंसं वाटलं.

बाबा म्हणाले, "नेलं नाही वं तू मले. बरं केलं."

११ मे
दोन दिवस नुसता आनंद. बाबा खोकलत नाहीत. काल भिंत धरून अंगणापर्यंत गेले. शेजारच्या काकांशी कैरीच्या भावावरून वाद घातला, म्हणजे बरेच झाले.

रिव्ह्यू अर्धा लिहिला. बोर्ड उत्तम आहे, खरंच. केदार विचारतो, परत कधी पाठवतेस, पुढच्या माणसाला हवाय. दोन दिवस मागून घेतले. लोडची चाचणी राहिलीय म्हटलं. काही राहिलेलं नाही.

पिनांवर ३६.२. अशक्तपणा असेल.

१२ मे
सकाळी ३५. दुपारी ३४.१.

थर्मामीटर: ९८.४. दुसरा विकत आणला: ९८.४. डॉक्टर घरी येऊन गेले. छाती साफ, नाडी छान, आता फक्त खाऊ घाला. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागितला. आईचा चेहरा किती दिवसांनी सैल झालाय. तिला काय सांगू?

बोर्डाला आधी कळतं, हे मीच लिहून ठेवलंय.

संध्याकाळी ३३. खोलीत कूलरमुळे ३०. म्हणजे तो आकडा कुठे निघालाय ते मला दिसतंय. जो देह स्वतः गरम राहत नाही तो शेवटी खोलीएवढा होतो. लिहायला नको होतं.

दवाखान्यात न्यावं? कशासाठी म्हणून? ताप नाही, खोकला नाही, आणि ते हात जोडून नको म्हणतात. ठिपका पुसावा? बोर्ड बंद करावा? तिन्ही गोष्टींना हात पुढे होतो आणि अडतो.

१३ मे
दुपार. जेवणं झाली. बाबा छान जेवले. आई आत पडलीय. पिनांवर ३१.२. खोलीत ३०.४.

खाटेजवळच बसून राहिले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवसभर काय पाहून राहिली वं त्याच्यात?"

"काम आहे, बाबा."

"मी बरा हाय नं आता. जरासं झोप तू." मग कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून. "कूलर तेवढा बंद कर. थंडी वाजून राहिली."

बंद केला. अंगावर जाड चादर टाकली. त्यांनी हुं केलं.

मी टेबलाशी येऊन बसले. आकडा चढायला लागला. ३२. ३३. पहिल्यांदाच वर. माझे डोळे भरून आले, देवाचं नाव घेतलं. मी, जी घेत नाही. ३४. ३५. वाटलं आईला उठवून सांगावं.

मग खोलीचं तापमान पाहिलं. ३५.

आता दोन्हीकडे ३६. मेमधल्या नागपुरात खोली आपसूक माणसाएवढी गरम होते. थोड्या वेळात ३७ होईल आणि तो आकडा कोणाचा ते बोर्डावरून सांगता येणार नाही. सात तारखेला मी खोली तापवली तेव्हा तो खोलीबरोबर हलला नव्हता. आज हलतोय. पण बाबांचं अंग परत तापत असेल तरी असाच दिसेल. चादर इथून हलताना दिसत नाही, पण पांघरूण जाड आहे, आणि ते कुशीवर झोपले की घोरत नाहीत, कधीच घोरत नव्हते.

एकदा हाक मारली. हळू मारली, झोपमोड नको म्हणून.

खाट इथून दोन पावलांवर आहे. उठून कपाळावर हात ठेवायचा, बस. एवढं लिहून झालं की उठते.

३७.