मंगळवारी घर उचलणार आहेत

प्रिय जेरोम,

फोनवर पापांचं नाव निघालं की तू हवापाण्याच्या गप्पा सुरू करतोस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मध्येच टाकून देऊ नकोस. मला भीती वाटते आहे, आणि ती गावात कुणापाशी बोलले तर दुपारच्या आत बेकरीत पोचेल.

येत्या मंगळवारी सकाळी वेंडलिंग सुतार आपलं घर उचलणार आहे. रस्त्याकडची बाजू जॅकवर घेऊन वीतभर वर करायची, पायथ्याची कुजलेली तुळई ओढून काढायची आणि तिच्या जागी ओकची नवी सरकवायची. तोवर वरचा मजला, कौलं, चिमणी, सगळा डोलारा त्या जॅकवर तोलून राहणार. त्या वेळात घरात चिटपाखरूही असता कामा नये, असं त्याने बजावलं आहे. आणि पापा म्हणतात, मी पाऊल बाहेर टाकणार नाही.

तुळईची अवस्था तू पाहिली नाहीस. बाहेरून थापलेलं सिमेंट फोडलं तर आतलं लाकूड भिजल्या केकसारखं हातात आलं. त्या नाताळात तू पापांना म्हणालास की घर तुम्ही तुमच्या हातांनी कुजवलंत, त्यापेक्षा लाकडं विकून मोकळे व्हा. सिमेंटचं तुझं खरं होतं, त्याने ओल आतच कोंडली. पण त्या काळी आपल्या सगळ्या गल्लीने तेच केलं रे. उघडी लाकडं म्हणजे दारिद्र्य, असं वाटायचं लोकांना. आईला तर त्या गुळगुळीत भिंतीचा केवढा तोरा होता. पहिला हातोडा पडला तेव्हा पापा आत जाऊन शेगडीपाशी बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

कुजकं लाकूड बदलता येतं. माझी झोप उडवली आहे ती पणजोबांनी. हे घर त्यांनी नदीपलीकडच्या गावातून विकत घेतलं, सुटं केलं आणि बैलगाड्यांवर लादून आणलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक लाकडावर पटाशीने आकडा कोरलेला असतो, त्या क्रमाने जोडलं की घर पुन्हा उभं. पण डाव्या बाजूच्या लाकडांच्या आकड्याला एक छोटी शेपटी असते, आणि ती पणजोबांनी पाहिलीच नाही. द्राक्षं काढणीला आलेली, सुताराला बोलवायला सवड नाही, मेव्हण्यांना हाताशी धरून त्यांनी खांब उभे केले आणि कोपऱ्याच्या दोन खांबांची अदलाबदल झाली.

“बाई, तुमच्या पणजोबांनी उजवा बूट डाव्या पायात घातलाय,” वेंडलिंग म्हणाला, “आणि घर तसंच सव्वाशे वर्षं उभंय.” मी हसले. तो हसला नाही. खांबाचं टोक खाचेत बसलेलंच नाही, इतकी वर्षं सगळा भार लाकडी खुंट्यांनी आणि भिंतीतल्या चिखलाने पेलला आहे. उचलताना तो भार कुठे जाईल, असं मी विचारलं. “सांगता यायचं नाही. करकरलं तर करकरू द्या. एकदम गप्प झालं, की मला घाम फुटतो.” तेव्हापासून मी भांडी घासताना नळ बंद करून कान देते. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी भिंतीला हात लावून बघते.

हे सगळं मी पापांना सांगितलं. ते म्हणाले, “ह्या घराने आजवर कुणाला मारलंय का? सोडून गेले ते मेले.”

पापा तुला त्यामागची गोष्ट कधीच सांगत नसत, मलाही तुकड्यातुकड्यांनी कळलं. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि सरकारने ऱ्हाईनकाठची गावं रिकामी केली, तेव्हा ते शाळकरी पोर होते. आजीने जाण्याआधी फरशी पुसली, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाली, चार दिवसांत येऊ. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोर्दोन्यच्या बाजूला, कुणाच्या तरी वखारीत हिवाळा काढला. तिथेच ती न्यूमोनियाने गेली, तिथेच तिला पुरलं. पापा वर्षाने परतले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि बैठकीच्या खोलीत कुणाची तरी गाय उभी होती. त्यानंतर हा माणूस एकही रात्र दुसरीकडे झोपलेला नाही. माझ्या लग्नातसुद्धा जेवण उरकून निघाले, आणि आपण सगळ्यांनी त्यांची टर उडवली.

अखेर काल दुपारी ते कबूल झाले. एकच अट घातली, घर रिकामं ठेवायचं नाही. घरातलं कुणीतरी शेगडीपाशी बसेल, तर ते समोरच्या रस्त्यावर उभे राहतील. मी हो म्हटलं. वेंडलिंगला यातलं काही ठाऊक नाही. तो सगळ्यांना बाहेर काढेल आणि मी गोठ्याच्या दाराने आत शिरेन. नुसतं हो म्हणून बाहेर थांबावं, असंही मनात आलं. पण पापा खिडकीकडे बघत राहतील आणि तिथे मी दिसायला हवी. ते माझा जीव पणाला लावताहेत असं समजू नकोस. त्यांच्या हिशेबात आत बसणारी मी सुखरूप आणि बाहेर पडणारे ते संकटात. एवढं भय वाटत असूनही केवळ माझ्या शब्दावर ते त्या उंबऱ्याबाहेर येणार आहेत, जेरोम. बाहेर त्यांच्याजवळ कुणी नसेल, कारण मी आत असेन. तू ये. माफी मागू नकोस, काही बोलूही नकोस, नुसता त्यांचा हात धर. आणि काही झालंच, तर त्यांना दाराकडे धावू देऊ नकोस. तुझ्या हातातून सुटून जाण्याची ताकद आता त्यांच्यात नाही.

भ्यालेली, पण शब्द देऊन बसलेली,
तुझीच
मार्लीज