नानांच्या गाडीचा डावा दिवा

२८ सप्टें., रवि.
डावा ब्रेकलाइट गेला. वीस मिनिटांत बल्ब बदलून येतो, असं बायकोला (मा.) सांगून खाली गेलो. दोन तास. दिव्याचे दोन्ही स्क्रू लालेलाल गंजलेले. वरच्याची खाच मी झटापटीत गुळगुळीत केली. इथली हवाच दमट, दुसरं काय.
गाडी नानांची. सासरे, पिंपरीत फिटर होते. आमची इकडे बदली झाली तेव्हा किल्ली हातात ठेवून म्हणाले, "सांभाळा, जावईबापू." बुधवारी येताहेत.

२९, सोम.
बालीगंज स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. शटर अर्धं खाली. "पूजोर पोरे, दादा." म्हणजे पूजा संपल्यावर. सगळं शहर देवीच्या मंडपात, मी डिकीत. मा. म्हणाली, मोहरीचं तेल घाला. घातलं. गाडीला लोणच्याचा वास.

३०, मंगळ.
तेल, ठोकाठोक, पुन्हा तेल. स्क्रू ढिम्म.
नाना रागावले तर परवडलं. रागावत नाहीत. लग्नाला आठ वर्षं झाली, अजून मला अहो-जाहो, आणि माझं काही चुकलं की नुसतं "असू द्या". त्याचीच धास्ती.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
नानांना आणायला हावडा स्टेशनवर टॅक्सीने गेलो. गाडी का नाही, त्यांनी विचारलं. गर्दी, म्हणालो. चहा व्हायच्या आत नाना खाली. पाहिलं. "असू द्या." मेलो.
हत्यारं मा.ने सकाळीच पूजेत मांडलेली. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. नानांना दम निघेना. दात कोरायची काडी घेतली. "हे काही शस्त्र नव्हे." खालच्या स्क्रूची खाच कोरली. लाल भुगा. बोटावर चोळला, हुंगला.
कुंकू! दर दसऱ्याला गाडीच्या दिव्यांनासुद्धा कुंकू लावायचं, ही पद्धत नानांचीच. आम्ही इमानदारीने चालवली. खाचेत थरावर थर, दगड झालेले. त्याखाली ओल धरून खरा गंज. स्क्रूड्रायव्हर बसणार कुठे?
"मीच लावायचो," नाना म्हणाले.
"असू द्या," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
पूजा उरकून हत्यारं खाली. खालचा स्क्रू नानांनी चुटकीसरशी काढला. वरचा माझ्याकडे. नाना टॉर्च धरून. पकडीत घट्ट धरला, जीव खाऊन पिळला. हलला! म्हणून आणखी पिळला.
"अरे गाढवा, आवळतोयस!"
गॅलरीत मा. तोंडावर हात ठेवून. नाना स्वतःच चपापले. "म्हणजे, तुम्ही..." म्हटलं, नाना, आता मागे घेऊ नका.
खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. बाबा गेल्यापासून मला कोणी गाढव म्हटलं नव्हतं.
स्क्रू पहिल्यापेक्षा घट्ट. मिस्त्री कोजागरीनंतर. मा. कुंकवाचा करंडा घेऊन गाडीकडे निघाली, आम्ही दोघं एकदम ओरडलो.
जेवणं झाली. नाना परत खाली गेलेत. हाक आली, "येतोस का?"