पित्रातल्या सायकली

प्रिय नृसिंहराव,

संगमनेरहून गोरक्षनाथाचा नमस्कार. लीनावहिनींना जरा जास्तच, कारण या प्रकरणात माझी बाजू त्या घरात एकट्याच घेत असणार. तुमचा गुडघा कसा आहे? हल्ली जिना चढताना फोन आल्याचे नाटक करून मध्येच थांबता असे ऐकतो. (कुणाकडून ते विचारू नका. माझे कान तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहेत.) इकडे सगळे ठीक. शोरूम आता हर्षल बघतो आणि तो ती कशी चुकीची बघतो ते मी त्याला दिवसभर सांगतो, म्हणजे बापलेक दोघेही कामात आहोत.

तुमच्या संस्थेच्या अनीशने काढलेला फोटो मलाही पोचला. चिखलाने माखलेल्या गुलाबी लेडीज सायकलवर, पुढच्या टोपलीत स्वतःची टोपी ठेवून जो जाडजूड गृहस्थ दिसतो, तो मीच. मागे हँडल घट्ट धरून डोळे मिटलेले ते शाळेचे मुख्याध्यापक बिभीषण सर आणि लिंबाला धडकून थांबलेले ते पोलीस पाटील. ‘गरीब मुलींसाठी दिलेल्या सायकली गावातल्या मोठ्या माणसांनी वाटपाआधीच वापरून जुन्या केल्या,’ असे अनीशने खाली लिहिले आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुम्ही खुलासा मागितलात. फोनवर दिला असता, पण तुम्ही मध्येच चिडता आणि मग मी मूळ मुद्दा विसरतो. पत्रात तुम्ही खुशाल चिडा, मला ऐकू येत नाही.

तर वाटपाची व्यवस्था माझ्याकडे होती, पण तारीख तुम्ही ठरवलीत. देणगीदारांना तीच सोयीची होती, हे मान्य. पुण्याच्या कॅलेंडरात तो नुसता गुरुवार असेल, पण भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या त्या वाडीत तो ऐन पितृपक्षातला दिवस होता! (तुमच्या आजोबांनी अर्ध्या संगमनेरला मुहूर्त काढून दिले आणि नातवाने हा काढला.) दोष माझाही आहे. ज्याने पंक्चर काढण्यापासून सुरुवात करून जन्मभर दुचाक्या विकल्या, त्याला पित्रात गाडी खपत नाही हे समजायला हवे. पण इथे काही विकायचेच नव्हते, त्यामुळे डोक्याचा तो कप्पा उघडलाच नाही. फुकटची वस्तू घ्यायलाही लोक दिवस बघतात, हे मला त्या मांडवात कळले.

सकाळी टेम्पो वाडीतल्या शाळेच्या मैदानात रिकामा झाला. सायकली ओळीने उभ्या, सीटवर प्लॅस्टिक, घंटीला रिबिनी. अनीश आणि देणगीदार घाटात कुठेतरी चहा पीत होते. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो. (मी डोळे मिटले की लोक समजतात मला ऐकू येत नाही. या गैरसमजावर मी निम्मा धंदा केला आहे.) मागे बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, “पोरीचं नाव घेतलं की पोटात कळ आली म्हनायचं.” दुसरी म्हणाली, “समद्यांच्याच पोटात कशी येईल गं? माझी मामाकडं गेलीय म्हनते मी.” “आगं, ती काय समोर बसलीय!” “मग तिला आधी मामाकडं धाड.”

मी उठून चौकशी केली. या मंडळींच्या मुख्य साळूबाई. वय झालेले, पण आवाजाला अजून वय लागलेले नाही. म्हणाल्या, “शेठ, सायकल चांगली हाय, न्हाई कोन म्हनतंय? पन पित्रात नवी वस्तू उंबऱ्याच्या आत न्हाई घ्यायची. आमचा म्हातारा वर बसून म्हनंल, मी गेलो आन् हितं गाड्या यायला लागल्या.” मी म्हटले, मग पित्रे संपल्यावर घ्या. पण तुमच्या संस्थेचा नियम टेम्पोवाल्याला पाठ होता. ज्या सायकली त्या दिवशी घेतल्या जाणार नाहीत, त्या दुसऱ्या दिवशी राहाता तालुक्याच्या यादीला. दोरखंड त्याने गुंडाळून ठेवलेसुद्धा नव्हते.

आता साळूबाईंची नात सृष्टी. आठवीत आहे. मोठी शाळा खाली नदीकाठच्या गावात, तिथवर पायी जाणे-येणे. थंडीत दिवस लवकर मावळतो, म्हणून तिच्या बापाने, सुनीलने, सांगून टाकले होते की दिवाळीनंतर शाळा बंद. सायकल मिळाली तर पुढचे बघू. ती मुलगी एका सायकलपाशी उभी राहून ओढणीच्या टोकाने चाकाची तार न् तार पुसत होती. आजीने हाक मारली तशी तिने हात मागे घेतला, पण तिथून हलली नाही. नृसिंहराव, मी काही हळवा माणूस नाही (माझे हप्ते थकवणाऱ्यांना विचारा), पण त्या सायकली राहात्याला जाऊ द्यायच्या नाहीत, हे मी तेव्हाच ठरवले.

मी साळूबाईंना म्हटले, “नवी नको. जुनी चालेल?”

“जुन्याला काय व्हतंय? जुनं तर समदं घरच हाय.”

मी चपला काढल्या आणि पहिल्या सायकलवर बसलो. मैदानाला एक चक्कर मारली, उतरलो, म्हटले, ही झाली जुनी. बिभीषण सरांच्या ध्यानात आले, ते दुसरीवर बसले. पोलीस पाटील, टेम्पोवाला, अंगणवाडीच्या ताई, जो दिसेल त्याला मी बसवला. पाटलांना सायकल येत नाही हे त्यांनी झाडाला धडकल्यावर सांगितले. साळूबाई खुर्ची घेऊन मैदानाच्या मध्ये बसल्या आणि प्रत्येक सायकल तपासू लागल्या. गाडी विकताना माझ्या शोरूमात एवढी तपासणी होत नाही. “ही कसली जुनी? टायरला माती न्हाई. पुन्यांदा फिरव.” मग आम्ही नळाजवळच्या डबक्यातून वळसा घ्यायला लागलो. प्लॅस्टिक फाडले, रिबिनी सोडल्या. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मघाशी मामाकडे निघालेली मुलगी टाळ्या वाजवत होती.

तुमचा अनीश नेमका तेव्हा फाटकातून आत आला.

त्याला समजावून सांगायला मला सवड झाली नाही, कारण साळूबाईंनी शेवटची सायकल पास केली होती आणि त्यांचे मन फिरायच्या आत वाटप उरकायचे होते. एकाही मुलीच्या पोटात कळ आली नाही. टेम्पो रिकामा गेला. सृष्टी आणि बाकीच्या मुली आता सायकलीने शाळेत जातात. तेव्हा संस्थेने माझ्यावर जो ठपका ठेवायचा तो खुशाल ठेवावा. वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेल्या लसणाच्या चटणीची बरणी रिकामी आहे.

तुमचा
गोरक्षनाथ

ता. क. वर ‘सायकलीने शाळेत जातात’ असे लिहिले, ते पहिल्या तीन-चार दिवसांपुरते खरे आहे. माझी अक्कल माझ्यावरच उलटली. नवी सायकल असती तर जिच्या नावाने नारळ फुटला असता तिचीच राहिली असती, ही रीत तिकडे कुणी मोडत नाही. जुनी म्हटल्यावर ती घरातल्या सगळ्यांची झाली. कुणी तिच्यावर गवताचा भारा आणतो, कुणी दळण. सुनील सकाळी दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जातो आणि सृष्टी पुन्हा पायी. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, “शेठ, जुनी हाय म्हनून तुमीच बसून दाखवली न्हवं?” मी साळूबाईंकडे वळलो. त्या मला म्हणाल्या, “जुनी तू केली, आता नवीबी तूच कर. दसरा आलाय.”

ता. क. दुसरा. तर खरी विनंती अशी. दसऱ्याला सकाळी त्याच मैदानात त्याच सायकली पुन्हा वाटायच्या आहेत. धुऊन, नवे प्लॅस्टिक चढवून, प्रत्येकीवर मुलीचे नाव रंगवून, हार आणि नारळासकट. द्यायला तुम्हीच हवे. मला तिथे सगळ्यांनी त्या सायकलींवर बसलेला पाहिले आहे, माझ्या हातून काही नवे होत नाही. नियमात बसत नसेल तर अनीशला सांगू नका. तुम्ही येणार असे मी गावात सांगून टाकले आहे.

ता. क. तिसरा. हे सांगितल्यापासून सुनील किटल्या खांद्यावर नेतो. नवी होणारी वस्तू झिजवायची कशाला, म्हणतो. सायकल अंगणात उभी असते. सृष्टी तरीही पायीच जाते. आता माझ्या नावाची झाल्यावरच बसेन, म्हणते. तेव्हा या.