चार बोटं जाडीची गादी

प्रिय शामकला,

पत्र मी माझ्याच हातानं लिहून राहिली आहे. दुसरीपर्यंतची शाळा एवढ्या वर्षांनी कामी आली. हिरालाल, तू बहिणीला वाचून दाखवशील तेव्हा मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नको. मोहाची झाडं फुलली की फुलं वेचायला तुला तिचे हात पाहिजेत, ते मला समजते.

शामकला, मालक गेले आणि तू चिचगडला भावाकडे गेली, त्याला आठ महिने झाले. इकडे बरं आहे. चोरखमारा तलावाचं पाणी वेळेवर सुटलं, धान साठवायची ढोली गळ्यापर्यंत भरली. काळी म्हैस व्याली. आणि मी गादी भरून घेतली. हसू नको.

घरात गादी एकच होती, मालकांची. आपण दोघी सवती तणसावर चटया टाकून झोपायचो, मधात हातभर जागा सोडून. ते गेल्यावर रीतीप्रमाणे त्यांचं अंथरूण बाहेर टाकलं, गादी गेली. या हिवाळ्यात माझी कंबर अशी धरली की सकाळी खांब पकडून उठायची. शेजारची निर्मलाबाई कुंपणावरून म्हणते, "मालक गेल्यावर तुले गादी कायले पायजे?" मी म्हटलं, "कंबर माझी हाय, मालकाची नाही."

आधी मी मूर्खपणा केला. तू जंगलातून वेचून आणलेला सावरीचा कापूस पोत्यात पडून होता, तोच खोळीत कोंबला. पहिल्या दिवशी राणीसारखी झोपली. आठ दिवसांत त्याचा पापड झाला, कुल्ला जमिनीला टेकला. पिंजारी आला, त्यानं शिवण उसवली आणि हसतच सुटला. "बाई, हा कापूस उशीचा. एकदा बसला का उठत नाही, पिंजाले घेतला तर उडून जाते. गादीले शेतातला कापूस पायजे." त्यानं वर्ध्याकडचा कापूस आणला. मुठीत दाबून सोडला तर लगेच फुगला. दोन-तीन वर्षांनी दबला की पुन्हा पिंजून भरता येते म्हणे. मी म्हटलं, मग वीतभर जाड भर. तर ऐकेच ना. "वीतभर भरली तर गुंडाळाल कशी? अन् कंबर पुन्हा खड्ड्यात. चार बोटं, बस." मी भांडली. तोही कमी नव्हता. शेवटी म्हणाला, भरून देतो, झोपून पाहा, कमरेखाली हात सरकवा. हात मोकळा फिरला तर गादी कडक, शिरलाच नाही तर मऊ, घासून गेला तर बरोबर. मग काय, भर अंगणात आडवी झाली मी, कुंपणावर निर्मलाबाई. हात घासून गेला. पिंजारी गालात हसत सुईत दोरा ओवायला लागला, त्याचाच मला जास्त राग आला. वरून जाड मांजरपाट, वीतभर अंतरावर टाके, म्हणजे कापूस एका कोपऱ्यात पळत नाही. दिवसा गुंडाळून ढोलीवर ठेवते, दर चार दिवसांनी ऊन दाखवते. कंबर आता ऐकते. अशी झोप मला उभ्या जन्मात लागली नव्हती.

आता खरं लिहिते. पिंजाऱ्यानं विचारलं होतं, एक मोठी भरू का दोन लहान. मी म्हटलं दोन, कारण तू झोपेत लाथा मारते. तेराव्याला साऱ्या पाहुण्यांसमोर मी तुला म्हटलं, ज्याच्यासाठी आली तो गेला, आता तुझं इथं काय आहे. तू गाठोडं बांधलं आणि गेली. शामकला, मी वाईट बोलली. जेवढं घर माझं तेवढं तुझं, ते मालक असतानाही होतं. हे पत्र घेऊन आपला गाडीवान बिसराम वाटेत दोन मुक्काम करून येईल. बैलगाडीत तुझी गादी पसरून दिली आहे, तुझ्या उंचीची. तिच्यावर बसून ये. यायचं नसेल तर उतरवून घे, तुझ्या कमरेलाही वय आलंच आहे, त्यात माझा मान-अपमान नाही. पण बिसराम रिकामी गाडी घेऊन आला तर मी त्याच्या तोंडाकडे पाहणार नाही, आधीच सांगून ठेवलं आहे त्याला.

भांडायला कोणी न उरलेली,
तुझीच,
जमुना